अडतं ते केसपेपरच्या खिडकीवर

'ट्रान्स महिलांमध्ये एचआयव्हीबद्दल जागृतीच नाही' हे एचआयव्हीवरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मी स्वतः ट्रान्स महिला आहे. आमच्या वस्तीत कंडोम, तपासणी, एचआयव्हीवरच्या उपचाराच्या एआरटी गोळ्या हे सगळं पोरींना तोंडपाठ आहे. अडतं ते केसपेपरच्या खिडकीवर. गेल्या वर्षी मैत्रिणीला तपासणीला घेऊन गेले, तर आतल्या माणसाने आधार कार्डावरचं तिचं जुनं पुरुषी नाव तीनदा मोठ्याने पुकारलं. अख्खी रांग वळून बघायला लागली. ओढणी तोंडावर घेऊन ती तशीच परत फिरली. आरोग्यसेवेत भेदभाव करायचा नाही, असं ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्यात लिहिलंय. त्या खिडकीपर्यंत ते पोचलेलं नाही.

आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या प्रेप गोळीचं त्या लेखात नावही नाही! धंदा करणाऱ्या पोरींच्या बाबतीत कंडोम वापरायचा की नाही हे जिथे गिऱ्हाईक ठरवतं, तिथे ही गोळी तरी पोरीच्या स्वतःच्या हातात असते.