मोरीतलं झुरळ आणि डब्यातली डुबिया

ताई, प्रतिक्रिया तिखट आहे, पण सगळी उडवून लावण्यासारखी नाही. पाळलेल्या टॅरँट्युलांसाठी, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्यांसाठी, खाद्य म्हणून फ्लॅटमध्ये झुरळं वाढवणं म्हणजे शेजाऱ्यांकडे रोग सोडणं, असं तुम्ही म्हणता. वर विचारता, घालायचीच तर पावसात गटारातून वर येणारी फुकटची का नाही घालत? आणि डुबिया ही झुरळाची परदेशी जात गोव्याच्या हवेत सुटली तर आवरणार कोण?

फुकटचं झुरळ मी कधीच देत नाही. जिथे झुरळं दिसतात तिथे ओट्याखाली जेलचे ठिपके असतातच. ते चाटलेलं झुरळ लगेच मरत नाही, आणि ते टॅरँट्युलाने पकडलं की विष तिच्या पोटात.

डुबिया मूळची दक्षिण अमेरिकेची. गुळगुळीत प्लास्टिक तिला चढता येत नाही. मोरीतलं मोठं तांबूस झुरळ १४ ते १६ अंड्यांची कुपी एखाद्या फटीत चिकटवून मोकळं होतं. डुबियाची मादी अंडी पोटातच उबवून पिल्लं देते. ती वयात यायला ४ ते ६ महिने लागतात. कोंडा आणि गाजरावर वाढलेली ही झुरळं गटारातली घाण आणत नाहीत. ॲलर्जी मात्र खरी. विष्ठेच्या धुळीने दमेकऱ्यांना त्रास होतो. घरात कुणी दमेकरी असेल तर या भानगडीत पडूच नये.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. थंड देशांतले लोक बिनधास्त असतात, कारण डुबियाला वाढायला साधारण २७ ते ३२ अंश ऊब लागते आणि तिथे ती हीटर लावून द्यावी लागते. आपल्याकडे ती फुकट मिळते. सोय तीच, धोकाही तोच. म्हणून डबा साफ करताना निघालेला चुरा माडाच्या बुंध्याशी खत म्हणून टाकायचा नाही. त्यात तांदळाच्या दाण्याहून लहान पिल्लं लपलेली असतात. आधी दोन दिवस फ्रीझर, मग कचरा. छंदाचा कंटाळा आला तरी हेच, रानात ‘सोडून’ देणं नाही. झुरळांना लपायला डब्यात कोंबडीच्या अंड्यांचे पुठ्ठ्याचे रिकामे ट्रे ठेवतात; पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते, ते बदलायचे. मुंग्या चढू नयेत म्हणून डबा पाण्याच्या ताटलीत.

मोठी टॅरँट्युला आठवड्याला एखाद-दुसरं झुरळ खाते, कात टाकताना काहीच नाही. तेव्हा जिवंत झुरळ आत राहिलं तर तेच तिला कुरतडतं. दोन-तीन कोळ्यांना एक डबा पुष्कळ झाला. जास्तीची पिल्लं पुन्हा फ्रीझरमध्येच, फक्त सुंगटांच्या (कोळंबीच्या) पिशवीशेजारी नकोत. आमच्या घरी यावरून वेगळा छोटा फ्रीझर आला.