खुलासा : फीनिक्स सन्स आणि ‘सात सेकंद’

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला, प्रशिक्षक माइक डँटोनी यांचा २००४-०५ चा फीनिक्स सन्स संघ प्रत्येक चढाई (चेंडू ताब्यात आल्यापासून तो सुटेपर्यंतचा डाव) सात सेकंदांत संपवत असे आणि आज तितक्या वेगाने कोणी खेळत नाही, हा चाहत्यांमध्ये फिरणारा दावा चुकीचा आहे. त्या हंगामात सन्सला सामन्याच्या ४८ मिनिटांत साधारण ९६ चढाया मिळत. प्रतिस्पर्ध्याच्याही तेवढ्याच धरल्या, तर २,८८० सेकंदांत १९२, म्हणजे एका चढाईला सरासरी १५ सेकंद पडतात. सात सेकंद हे फार तर ब्रीद होते. शिवाय २०२३-२४ मध्ये एनबीएतल्या संघांची सरासरीच ९८ चढायांच्या पुढे होती. सन्सची खरी ताकद, माझ्या मते, चाली रचणाऱ्या स्टीव्ह नॅशच्या ‘पिक-अँड-रोल’ या दोघांच्या चालीत होती : सहकारी अमारे स्टाउडमायर पडदा लावून (नॅशच्या बचावपटूची वाट अडवून) बास्केटकडे झेपावला की बचाव आत ओढला जाई आणि कोपऱ्यातला नेमबाज मोकळा सापडे.