रस्त्यावर पाणी मारू नका म्हणे!

शनिवारी सकाळी गावी पोचलो तेव्हा अण्णा ओट्यावर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले होते. पहारा कशावर, तर रस्त्यावर. आमच्या गल्लीत कित्येक वर्षांनी रस्ता झालाय, सिमेंटचा, बुधवारीच ओतलेला. मी बॅग खाली ठेवायच्या आत अण्णांनी पराक्रम सांगितला, "गुत्तेदाराचं पोरगं टँकर घेऊन आलतं. मी माघारी लावलो त्याला. पाणी मारलं की सिमिट उकलतंय म्हणं." आणि मोबाईल माझ्या पुढ्यात धरला.

तो मेसेज तुम्हालाही आला असेल. मला स्वतःला तीन ग्रुपांवरून आलाय. वर लाल दिव्यांची रांग, 'जागरूक नागरिकांसाठी', खाली 'जास्तीत जास्त शेअर करा'. मधला मजकूर थोडक्यात असा: नव्या सिमेंट रस्त्यावर पाणी मारू देऊ नका, त्यानं सिमेंट उकलतं आणि आपल्या दुष्काळी भागातलं पाणी वाया जातं. रस्ता लवकर फुटावा आणि पुन्हा काम मिळावं म्हणून गुत्तेदार मशीननं कापे मारतो, ते अडवा. सिमेंट रस्त्यामुळं गल्लीतले बोअर आटतात. रस्ता उंच होऊन घरात पाणी शिरतं. आणि शेवटी, तक्रारीच्या भानगडीत पडू नका, कागद मागायला वकील लागतो, वरून घरपट्टी वाढते. म्हणजे जागरूक नागरिकानं सगळं करावं, फक्त तक्रार करू नये!

आधी पाण्याचं घेतो, कारण नुकसान तिथं झालंय.

अण्णा कशाला फसले ते मला कळतं. त्यांचं लहानपण माळवदाच्या घरात गेलं. भिंती मातीच्या, वर पांढरी माती. मातीचं काम वाळलं की घट्ट होतं आणि भिजलं की उकलतं, हे त्यांनी दर पावसाळ्यात डोक्यावर गळताना अनुभवलंय. पण सिमेंट म्हणजे माती नव्हे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्यातूनच ते खडी-वाळूला धरून ठेवतं. ही क्रिया पहिले काही दिवस जोरात चालते, पुढं कित्येक आठवडे सावकाश चालू राहते. म्हणून तर काँक्रीटच्या ठोकळ्याची ताकद २८ दिवसांनी दाबून बघतात. मधेच पाणी उडून गेलं की क्रिया अडते. रस्ता वरून पांढराशुभ्र, पक्का दिसतो, आतून कच्चा राहतो. त्यात आपल्याकडचं वैशाखातलं ऊन आणि दुपारचा झळांचा वारा. पाणी उडायला वेळ लागतो कुठं?

हे सगळं ऐकून अण्णा म्हणाले, "पण मेसेजमदी तर…"

मग मी त्यांना आमच्या घराच्या स्लॅबची आठवण दिली. स्लॅब पडला तेव्हा ह्याच अण्णांनी वर वाफे बांधून पंधरा दिवस पाणी तुंबवलं होतं. रोज संध्याकाळी शिडीवरून चढून एकेक वाफा बघायचे, आणि एक वाफा फुटला म्हणून मिस्त्रीला शिव्या घातल्या होत्या. तेव्हा सिमेंट उकललं नाही. आता गल्लीत तेच सिमेंट, तीच खडी, आणि पाणी मात्र विष? अण्णा काही बोलले नाहीत. त्यांना रस्त्यावर नेऊन तळहात घासायला लावला. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा हात पांढरा झाला. पाण्यावाचून राहिलेल्या काँक्रीटची वरची कातडी अशी पूड होऊन सुटते.

माझ्या शब्दावर नका जाऊ. भारतीय मानक आयएस ४५६, सन २००० ची आवृत्ती, काँक्रीटच्या कामाचा मूळ आधार. त्यात स्पष्ट लिहिलंय की काँक्रीटचा उघडा पृष्ठभाग पाणी तुंबवून किंवा ओलं गोणपाट टाकून सतत ओला ठेवायचा. साधं पोर्टलँड सिमेंट असेल तर किमान ७ दिवस, कोरड्या-उष्ण हवेत १० दिवसांपेक्षा कमी नाही. मिश्र, म्हणजे राख वगैरे मिसळलेलं सिमेंट असेल तर किमान १० दिवस, आणि ते १४ पर्यंत वाढवावेत अशी शिफारस. आपल्या दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पोत्यांवर पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) लिहिलेलं असतं, ते मिश्रच. म्हणजे आपल्या उन्हात १४ दिवस धरून चाला. 'एकदा शिंपडलं, झालं' हेही चालत नाही. सकाळी ओला, दुपारी खडखडीत, संध्याकाळी पुन्हा ओला, याला सतत ओला म्हणत नाहीत.

आता पाणी वाया जाण्याचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्याच्या घागरी ज्यांनी वाहिल्या त्यांना पाण्याची किंमत मी सांगायला नको. पण हिशेब तरी करा. आमची गल्ली १०० मीटर लांब, ४ मीटर रुंद. एक इंच पाणी तुंबवायचं म्हटलं तर साधारण १० हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर. पुढं उडेल तेवढीच भर. बारदानं अंथरली तर त्याहून कमी लागतं. नळाचंच पाणी पाहिजे असंही नाही, बोअरचं स्वच्छ पाणी चालतं. एवढं वाचवून रस्ता चार वर्षांत उखडला तर पुन्हा सिमेंट, पुन्हा खडी, पुन्हा पाणी. यात बचत कुठली?

एक गोष्ट कबूल करतो, नाइलाजानं. ओतल्या ओतल्या, सिमेंट अजून ओलं असताना जोराची पाइप सोडली तर वरचं सिमेंट खरंच धुऊन जातं. भर दुपारी तापलेल्या रस्त्यावर गार पाणी ओतणंही बरं नाही. सुरुवातीला नुसतं ओलं बारदान, आणि रस्ता आवळला की मग पाणी तुंबवायचं. कुणीतरी मिस्त्री 'लगेच पाणी मारू नका' म्हणाला असेल. मेसेज लिहिणाऱ्यानं त्यातला 'लगेच' खाऊन टाकला.

आणि पाणी मारणं हे गुत्तेदाराचं काम आहे. त्याच्या दराचा तो भाग आहे. अण्णांनी टँकर परत लावला तेव्हा ते पोरगं भांडलं का? हसत गाडी वळवून गेलं. का नाही जाणार? टँकर वाचला, डिझेल वाचलं, पोराची दोन आठवड्यांची हजेरी वाचली, आणि उद्या रस्ता उखडला तर 'तुमच्याच लोकांनी पाणी मारू दिलं नाही' म्हणायला अख्खी गल्ली साक्षीला. गुत्तेदाराविरुद्ध म्हणून फिरणारा हा मेसेज गुत्तेदाराला जेवढा फळला तेवढा दुसऱ्या कुणाला फळला असेल असं वाटत नाही.

कापे मारण्याचा आरोप तर हसण्यासारखा आहे. काँक्रीट आकसतं, उन्हात फुगतं, थंडीत पुन्हा आकसतं. ते कुठंतरी तडकणारच. वेडंवाकडं तडकू नये म्हणून साधारण चार-साडेचार मीटरवर, जाडीच्या पाव ते एकतृतीयांश खोल, सरळ काप मारतात, म्हणजे तडा त्या रेषेखालीच जातो. हे एका दिवसाच्या आत करावं लागतं. उशीर केला की रस्ता स्वतःच्या मर्जीनं फाटतो. मारलेला काप नंतर भरून घ्यायचा असतो, आणि तिथं मात्र लक्ष ठेवा. आपल्याकडं खाली काळी माती. कापातून पाणी मुरलं की ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा रस्ता बिचारा तिच्याबरोबर नाचतो. अडवायचं असेल तर काप न भरता निघालेल्या माणसाला अडवा.

बोअरचं फार बोलत नाही. सिमेंटमधून पाणी मुरत नाही हे खरं. पण चार मीटरच्या पट्टीनं बोअर आटत नाहीत. काळ्या पाषाणातल्या फटींमधलं पाणी आपण सगळे मिळून शेकडो फुटांवरून ओढतोय, म्हणून आटतात. एवढीच काळजी असेल तर हजार चौरस फुटांच्या छतावर ७०० मिलिमीटर पावसात साठ हजार लिटरच्या वर पाणी पडतं. ते नालीत सोडण्याऐवजी शोषखड्ड्यात घ्या.

रस्ता उंच होतो, हे मात्र खरं आहे. मेसेजमधली ही एकच ओळ मला खोडता येत नाही. जुना रस्ता न खोदता वरच थर चढवला की घरं खड्ड्यात जातात आणि पहिल्याच पावसात नालीचं पाणी उंबऱ्याला लागतं. आमच्याच गल्लीत दोन घरांचा ओटा आता रस्त्याच्या बरोबरीला आलाय. पण हे बोलायची वेळ काम सुरू व्हायच्या आधीची, जेसीबी आला का आणि किती खोल खोदतोय हे बघायची. त्या दिवशी गल्लीतलं कुणी बाहेर आलं नव्हतं. मीही गावात नव्हतो, म्हणून फार तोंड वर करत नाही.

राहिली तक्रार. घरपट्टी बांधकामाचं क्षेत्रफळ, प्रकार, वापर यांवर बसते, तक्रारीवर नाही. कागद मागायला वकील लागत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ चा, अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत, प्रतीला पानामागं २ रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यायचं असतं. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, ठोकळ्यांच्या तपासणीचा अहवाल आणि रस्ता खराब झाला तर गुत्तेदारानं किती वर्षं स्वखर्चानं दुरुस्त करायचा ती अट, एवढं मागा. आमचा अर्ज अण्णांच्याच अक्षरात लिहून तयार आहे. माझ्यापेक्षा त्यांचं अक्षर चांगलं.

शनिवारी दुपारी गुत्तेदाराला फोन करून टँकर परत बोलावला. आधी 'आता काय उपयोग' म्हणाला. उपयोग आहे. गेलेले तीन दिवस पूर्ण भरून येत नाहीत, पण उरलेले घालवायचे नाहीत. संध्याकाळपासून पाणी सुरू झालंय. अण्णा अजून तिथंच खुर्ची टाकून बसतात, आता बारदान कुठं वाळलंय ते पोरांना ओरडून सांगतात. मारुतीच्या पारापासून पुढचा पट्टा अजून उघडाच आहे, बारदानं कमी पडतायत. ज्यांच्याकडं तुरीची, सोयाबीनची रिकामी पोती असतील त्यांनी आणून द्यावीत. तागाचीच पाहिजेत, प्लास्टिकची पाणी धरत नाहीत.