वणवा म्हणे ‘निसर्गाचा झाडू’! मामा, हा मेसेज पुढे पाठवू नका

काल रात्री फॅमिली ग्रुपवर मामांचा फॉरवर्ड आला. “वणव्याला घाबरू नका, तो निसर्गाचा झाडू आहे. उन्हाळ्यात फांद्या घासून तो आपोआप लागतो. राखेने जमीन सुपीक होते. प्राणी-पक्ष्यांना आधीच कळतं, ते पळून जातात. अमेरिकेत तर सरकार स्वतः जंगल जाळतं. पहिल्या पावसात सगळं पुन्हा हिरवं.” खाली मावशीचे जोडलेले हात आणि भावाचं ‘अगदी बरोबर’. पुण्यातल्या कुणी टाकलं असतं तर मी सोडून दिलं असतं, पण मामा राहतात वेल्ह्याकडे डोंगराच्या पायथ्याशी, घरामागे दहा मिनिटं चाललं की रान लागतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे कुणाकुणाच्या हातात काडेपेटी असते ते मामांनाही ठाऊक आहे. म्हणून लिहितेय.

आधी ते ‘फांद्या घासून’. आपल्याकडे वणवे पेटतात फेब्रुवारी ते मे, आकाशात ढगाचा ठिपका नसतो तेव्हा. आपोआप आग लावायची तर ती विजेने, आणि वीज पडते ती वळवाच्या पावसाबरोबर, बऱ्याचदा आग विझवायचं पाणी सोबत घेऊनच. मग काडी कोण ओढतं? कुणी गवत चांगलं यावं म्हणून, कुणी बांध साफ करायला, कुणी राब (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळतात तो) भाजताना वारा सुटला म्हणून, कुणी शिकारीसाठी, विदर्भात मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आणि आमच्यासारखे ट्रेकवाले चूल न विझवता उतरतात, ते वेगळंच. केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि वर्ल्ड बँकेचा २०१८ चा अहवाल आहे, तो सरळ सांगतो की भारतातल्या जवळपास सगळ्या जंगल-आगी माणसामुळे लागतात. त्यातच एक आकडा आहे: २००३ ते २०१६ मध्ये उपग्रहांनी टिपलेल्या आगींपैकी ४४ टक्के फक्त २० जिल्ह्यांत होत्या आणि त्या जिल्ह्यांत देशाचं जंगल आहे १६ टक्के. फांद्या काय तेवढ्या २० जिल्ह्यांतच जास्त घासतात?

आता ज्या वाक्याने माझं डोकं फिरलं ते. “प्राणी-पक्षी पळून जातात.” कोण पळतं? गवा, सांबर, बिबट्या पळतात, कबूल. पण तितवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि ती मार्चपासून घालायला लागते. रानकोंबडीचं घरटं पाचोळ्यात, तेही याच दिवसांत. रातवा तर घरटंच करत नाही, वाळक्या पानांवर अंडी ठेवून त्यांच्याच रंगाचा होऊन बसतो. माणूस जवळ आला की तितवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालते, माणूस बिचकतो, आग बिचकत नाही. सशाची पिल्लं धोका दिसला की गवतात अंग चोरून बसतात, जन्मतः तेवढंच शिकलेली. खवले मांजर अंगाचा गोळा करतं, बिबट्यासमोर ते चालतं, आगीसमोर? आणि वणव्याच्या तोंडाशी कोतवाल पक्षी, घारी का जमतात ते मामांनी शंभर वेळा पाहिलंय, जीव घेऊन निघालेले टोळ आणि सरडे टिपायला! जे बिळात वाचतात (आणि बरेच वाचतात, वीतभर मातीखाली धग फारशी पोचत नाही) ते वर येतात तेव्हा खायला काळी जमीन, पाऊस पडेपर्यंत. पळालेला गवा कुठे जातो हेही मी सांगायला नको, तुमच्याच शेतात.

बरं, माणूस तरी पळू शकतो का? ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर अडकले, वीसपेक्षा जास्त जण गेले. जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले वनखात्याचे चार जण जागीच गेले, ज्यांचं ते रोजचंच काम. चढावर आग माणसापेक्षा जोरात चढते, कारण खालची धग वरचं गवत आधीच वाळवून ठेवते. आणि अंड्याने पळायचं?

राख. पोटॅश मिळतं, ठीक. नत्र मात्र धुरातून उडून जातं. आणि महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, उघड्या उतारावर पहिल्या दोन सरींतच राख मातीसकट ओढ्यात.

अमेरिकेबद्दल अर्धं खरं आहे, मान्य करते, नाइलाजाने. तिथे ठरवून, माणसं-यंत्रं उभी करून, वारा बघून जाळतात. अमेरिका कशाला, कर्नाटकात बिळिगिरीच्या डोंगरातले सोलिगा लोक पूर्वी कोरड्या मोसमाच्या सुरुवातीला पाल्याची हलकी आग लावायचे आणि ती बंद झाल्यावर घाणेरी माजली असं ते सांगतात, ते मला पटतं. पण ती आग आणि एप्रिलच्या दुपारी बिडी टाकून पेटलेला डोंगर एक नाही.

‘पुन्हा हिरवं’ म्हणाल तर हो, दिसतं हिरवं. दरवर्षी जाळलेल्या डोंगरावर झाडाचं रोप कंबरेएवढं होतच नाही, माजतं ते कुसळी गवत, कारण त्याला आग मानवते. ज्या गवतासाठी काडी ओढली तेच जरड होऊन गुरांच्या तोंडात टोचतं. मग कुणासाठी जाळलं?

हे सगळं ग्रुपवर टाकलं. मावशी गप्प. मामांनी अर्ध्या तासाने लिहिलं, “मग राब भाजायचा नाही का?” भाजा ना मामा. सकाळी, वारा पडलेला असताना, भोवती आग पुढे जाऊ नये म्हणून जाळरेषेसारखा पट्टा खरवडून, पाण्याची घागर जवळ ठेवून, आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत घरी जेवायला न जाता. डोंगर पेटलेला दिसला तर वनखात्याचा १९२६ नंबर आहे. तेवढा तरी फॉरवर्ड करा.