भागिले सहा

गणपतीआधी बाथरूम नवं करायचं ठरलं आणि ऑफिसच्या सवयीने मी गँट चार्ट काढला. डावीकडे कामं, वर तारखा, मधे आडव्या पट्ट्या. हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरने शंभरेक वर्षांपूर्वी कारखान्यांत ही पद्धत रुळवली. त्याच्याकडच्या सुतारांना मेहुण्या नसाव्यात, असल्या तर त्यांची लग्नं निघत नसावीत.

पट्टीची लांबी, म्हणजे कामाचे दिवस, ठरवायला पर्ट या नियोजन पद्धतीचं सूत्र होतंच. १९५८ च्या सुमारास अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ते आणलं. सगळं सुरळीत गेलं तर किती दिवस, साधारण किती, सगळं बिनसलं तर किती, असे तीन आकडे घ्यायचे. मधल्याला चारने गुणायचं, बेरीज करायची, सहाने भागायचं. मी मिस्त्रींना गाठलं.

"टाइल्सना लवकरात लवकर किती?"

"दोन दिवस."

"साधारण?"

"दोन दिवस, साहेब."

"आणि अगदीच घोळ झाला तर?"

"घोळ कशाला होईल? दोन दिवस."

दोन, आठ आणि दोन मिळून बारा. भागिले सहा, दोन. तफावत शून्य! पाणबुडीतून क्षेपणास्त्र सोडणाऱ्यांनाही एवढी खात्री नव्हती. मग माझेच आकडे टाकले: ४, ७, १६. उत्तर आठ. बायको म्हणाली, "सोळाच धर. सोसायटीत दोन ते चार ठोकाठोक बंद असते."

खरी गंमत दार बसवायच्या दिवशी. सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, तिघंही एकदम हवेत. प्रत्येक जण येण्याची शक्यता ८० टक्के धरली, तरी तिघं एकत्र उगवण्याची शक्यता ५१ टक्केच. नाणं उडवावं तसं. तेही तिघांची अडचण वेगवेगळी असेल तर! मुंबईच्या पावसाला हे गणित मान्य नाही. सुतार दिव्याचा, प्लंबर कळव्याचा, इलेक्ट्रिशियन डोंबिवलीचा. कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की तिन्ही शक्यता एकाच लोकलमध्ये अडकतात.

शेवटी मिस्त्रींनीच चार्ट मागून घेतला, चष्मा लावून नीट वाचला. वॉटरप्रूफिंग झाल्यावर गळती बघायला पाणी भरून ठेवतात, त्या पट्टीवर बोट ठेवलं.

"हे दोन दिवस तेवढे बरोबर लिहिलेत साहेब. यात कोणाला यायचं नसतं."