सहा रुपयांचा हिशोब

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. जोडलेले हात, तीन दिवे आणि मथळा: 'एका आईच्या जिद्दीची प्रेरणादायी कथा'. जमैकाच्या महिला फुटबॉल संघातल्या एका मुलीच्या आईने इंटरनेटवर झोळी पसरली, पैसे जमवले आणि त्या पोरींनी वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलला घरी पाठवलं. खाली सगळ्यांचे अंगठे. 'इच्छा तिथे मार्ग', 'आई ती आईच' वगैरे. मी पोळ्या करत होते. पिठाच्या हाताने मीही अंगठा देणारच होते, पण डोकं असं काही सणकलं की तव्यावरची पोळी करपली.

म्हणून हे लिहितेय. लांब होणार आहे. ज्यांना ऑफिसला उशीर होतोय त्यांनी निघा.

गोष्ट खोटी नाही. 2023 चा जून, वर्ल्ड कप महिनाभरावर. जमैकाच्या खेळाडूंनी आपल्याच फेडरेशनला उघड पत्र लिहिलं. प्रवास, राहणं, सराव, खाणं, मानधन, कशाचंच धड नाही. तयारीचे ठरलेले सामनेसुद्धा गोंधळापायी बुडाले. तेव्हा हॅवाना सोलॉनच्या आईने लोकांपुढे हात पसरले. हॅवाना म्हणजे 2019 च्या वर्ल्ड कपमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध गोल करणारी, जमैकाचा महिला वर्ल्ड कपमधला पहिलावहिला गोल. एवढं करून दाखवलेल्या मुलीच्या आईला चार वर्षांनी वर्गणी मागावी लागते, आणि ते वाचून आपल्या अंगावर रोमांच येतात! मला तर लाज वाटली.

आता आमची आई.

1994. मी आठवीत, कोल्हापुरात. फुटबॉलचं कोल्हापूर, बरं का, जिथे शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असला की दुकानदार शटर अर्धं ओढून निघतो. आमच्या शाळेत त्या वर्षी मुलींचा संघ झाला. जर्सी मुलांच्या जुन्या, खांद्याला सेफ्टी पिना लावलेल्या. सांगलीला सामने होते. मुलांना शाळेने जीप करून दिली. आम्हाला सांगितलं, मुलींसाठी तरतूद नाही.

तरतूद. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

आईने गणपतीच्या वर्गणीचं असतं तसं पावतीपुस्तक आणलं आणि पेठेत दारोदार फिरली. चारशे बारा रुपये जमले. प्रत्येक रुपया तिने शंभर पानी वहीत लिहिला, नावासकट. एका काकांनी अकरा रुपये दिले आणि विचारलं, "वहिनी, पोरी हाफपँट घालूनच खेळणार काय?" आईने तेही वहीत लिहिलंय. नाव, रक्कम, आणि कंसात 'हाफपँट'.

जमैकाकडे परत येते. वर्गणीची ही त्यांची पहिली वेळ नव्हती, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नाही. फेडरेशनने पैसे बंद केले म्हणून हा संघ मध्यंतरी काही वर्षं होताच कुठे? फिफाच्या यादीतूनही गेला होता. 2014 मध्ये सेडेला मार्लीच्या मुलाने शाळेतून एक कागद घरी आणला, त्यावर मुलींच्या संघासाठी मदत मागितलेली. ही गायक बॉब मार्लीची मुलगी. बाप फुटबॉलवेडा, त्यामुळे तिने तो कागद रद्दीत टाकला नाही. पैसे उभे केले, संघ उभा केला. 2015 चा वर्ल्ड कप हुकला आणि फेडरेशनने पुन्हा हात आखडला. पुन्हा तीच बाई, पुन्हा तीच झोळी. प्रशिक्षक ह्यू मेन्झीज तर बिनपगारी शिकवत होते. 2018 च्या ऑक्टोबरात टेक्ससमध्ये पनामाला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून या पोरी 2019 च्या वर्ल्ड कपला पात्र ठरल्या. कॅरिबियन बेटांवरून महिला वर्ल्ड कपला गेलेला पहिला संघ!

देश केवढा? अठ्ठावीस लाखांच्या आसपास माणसं. आपलं पुणे शहर त्याहून मोठं आहे. होल्डिंग तिथला, वॉल्श तिथला, बोल्ट तिथला. आपल्या घराघरांत ही नावं पाठ. खदिजा शॉ हे नाव कितीजणांना माहीत आहे? अंगठा देणाऱ्यांपैकी एकीने सांगावं. जमैकासाठी पुरुष किंवा बाई, कुणीही केले नसतील इतके गोल तिच्या नावावर आहेत. स्पॅनिश टाऊनची पोर. तीन भाऊ टोळीयुद्धाच्या हिंसेत गेले, एक अपघातात. 2023-24 च्या मोसमात मँचेस्टर सिटीकडून 21 गोल मारून ती इंग्लंडच्या लीगमध्ये पहिली आली.

हो, मान्य, छोटा देश आहे, फेडरेशनच्या तिजोरीतही फार काही नसेल. आणि हो, संघातल्या बऱ्याच जणी इंग्लंड-अमेरिकेत वाढलेल्या आहेत, हेही कुणीतरी खाली लिहिणारच, तर मीच लिहून टाकते.

पण मग तिथली मुलं 1998 ला फ्रान्सला वर्ल्ड कप खेळायला गेली, तेव्हा कुणाची आई वर्गणी मागत फिरत होती? तरतूद आपोआप होते, फक्त कुणासाठी ते आधी ठरलेलं असतं.

2023 ची ती स्पर्धा मी चोरून पाहिलीय. फ्रान्सविरुद्धचा सामना रविवारी होता, तो घरी. 0-0, आणि शेवटी शॉला लाल कार्ड. पुढच्या सामन्यात ती नाही, तरी ॲलिसन स्वेबीच्या हेडरवर पनामाला 1-0. वर्ल्ड कपमधला जमैकाच्या मुलींचा पहिला विजय. मग बुधवारी दुपारी साडेतीनला ब्राझील. ऑफिसमध्ये मोबाईल कॅलेंडरला टेकवून ठेवलेला, आवाज बंद. ब्राझीलला जिंकायलाच हवं होतं, यांना बरोबरी पुरत होती. नव्वद मिनिटं त्या पोरी गोलासमोर अशा उभ्या राहिल्या की मी एक्सेलमध्ये काय भरलं ते दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा भरावं लागलं. 0-0. ब्राझीलची दिग्गज मार्ता, हा आपला शेवटचा वर्ल्ड कप असं तिने आधीच सांगितलेलं. ती मैदानातून जाताना मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, फार नाही. तीन सामन्यांत यांच्यावर एकही गोल झाला नव्हता. शेवटी बाद फेरीत कोलंबियाने 1-0 ने हरवलं.

आणि एवढं करून परत आल्यावर काय? ऑक्टोबरमध्ये याच खेळाडूंनी पुढचे सामने खेळायला नकार दिला, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार वर्ल्ड कपचे पैसे पूर्ण हाती आले नव्हते. बाद फेरी गाठणाऱ्या प्रत्येक खेळाडूसाठी फिफाने 60 हजार डॉलर जाहीर केले होते, पण ते जाणार फेडरेशनच्या हातून. या ऑक्टोबरवर फॉरवर्ड येत नाही. तिथे दिवे लावता येत नाहीत ना.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला, तर एक कबूल करते. 'आई ती आईच' लिहिणारी आमची तेव्हाची गोलकीपर आहे. तिच्या आईने 94 ला पावतीपुस्तक बघून दार लावून घेतलं होतं आणि मी ते इतकी वर्षं मनात धरून आहे. सकाळी पहिल्यांदा तोच राग आला. आता वाटतंय, त्या बाईच्या हातात नवऱ्याला न विचारता देता येतील असे पाच रुपये तरी असायचे का? दार लावणं सोपं पडलं असेल. सॉरी गं. तुला टॅग करत नाही, पण तू वाचशीलच.

सांगलीला आम्ही 4-0 ने हरलो. चौदा मुली आणि बाई, एसटीने गेलो. आई नाही आली. पंधरा तिकिटं निघाली, सोळावं तिने काढलं नाही. स्टँडवर खिडकीखाली उभी राहून "पिना नीट लावल्यात का गं?" एवढंच विचारलं. माझा एकही सामना तिने कधी पाहिला नाही. जमैकाच्या आईच्या फोटोखाली तुम्ही अंगठे दिलेत तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती खिडकी होती.

दुपारी तिला फोन केला. म्हटलं, ती वही आहे का? "असणार की, जाते कुठं." कपाट उघडल्याचा आवाज, मग चष्मा शोधणं, मग पाचेक मिनिटं नुसती पानं. मग तिने सगळं वाचून दाखवलं, हाफपँटवाले काकाही आले. जमा चारशे बारा. एसटी, केळी, लिंबू-साखर मिळून खर्च चारशे सहा.

"मग सहा रुपये उरले, त्याचं काय केलंस गं?"

"तुमच्या बाईंकडे दिले की परत, पुढच्या वेळेला म्हणून. लोकांचे पैसे घरात ठेवतात होय?" मग जरा थांबून म्हणाली, "पावती घेतलीया. वाचू?"