आधी तळघरं बांधा

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मिशन सुदर्शन चक्र’ची चर्चा अजून थांबलेली नाही. १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जाहीर केलं की २०३५ पर्यंत देशातली महत्त्वाची ठिकाणं संरक्षक कवचाखाली येतील. तेव्हापासून पुण्यातले काका, नाशिकचा आतेभाऊ, शाळेतल्या मैत्रिणी, सगळे एकाच विषयावर हिरिरीने बोलतात: एस-४०० आणखी घ्यावं की स्वदेशी यंत्रणेची वाट पाहावी? ऑपरेशन सिंदूरमध्ये आपल्या हवाई संरक्षणाने काम चोख केलं, तेव्हा हा विश्वास उगाच आलेला नाही. पण मी वॉर्सोत राहते. युक्रेनची सीमा इथून गाडीने तीन-चार तासांवर आहे, आणि इथे रोज जे कानावर येतं त्यावरून माझं मत असं झालंय की घरी वाद चाललाय तो अर्ध्याच प्रश्नावर. बॉम्ब पडलाच तर माणसांनी आसऱ्याला कुठे जायचं, हा उरलेला अर्धा त्यात येतच नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर युक्रेनमधल्या खारकिव शहरातली एक बाई काम करते. तिची आई अजून तिथेच, साल्तिवका भागात, नवव्या मजल्यावर. हिच्या फोनमध्ये हवाई इशाऱ्याचं ॲप आहे आणि त्यात जिल्हा खारकिवच ठेवलेला आहे. मीटिंग चालू असताना फोन थरथरतो, ती नजर टाकते आणि हळूच म्हणते, ‘काब’. विमानातून टाकलेल्या, दिशा धरून येणाऱ्या बॉम्बला युक्रेनमध्ये सगळे काबच म्हणतात. पुढची काही मिनिटं तिचं लक्ष कशातच नसतं. मग आईचा एका शब्दाचा मेसेज येतो आणि काम पुढे सरकतं.

हे हत्यार मुळात अगदी साधं आहे. सोव्हिएत काळातले २५०, ५००, १५०० किलोचे जुने बॉम्ब रशियाच्या कोठारांत ढिगाने पडून होते. २०२३ पासून त्यांना उघडणारे पंख आणि उपग्रहावरून दिशा धरणारा एक संच जोडायला सुरुवात झाली. सुखोई-३४ विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर जातं, आघाडीच्या बरंच मागे, आपल्याच हद्दीत बॉम्ब सोडतं आणि वळून परत जातं. बॉम्ब पन्नास-साठ किलोमीटर तरंगत येतो, म्हणून त्याला ग्लाइड बॉम्ब म्हणतात. संचाची किंमत साधारण २० ते ३० हजार डॉलर सांगितली जाते. जून २०२४ मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी सांगितलं होतं की महिना संपायच्या आतच असे २,४०० हून जास्त बॉम्ब पडले.

आता तो पाडायचा कसा? त्याला इंजिन नाही, म्हणून उष्णतेचा माग नाही. आकार लहान, त्यामुळे रडारवर उशिरा दिसतो, आणि दिसल्यावर हातात वेळ जवळजवळ उरलेला नसतो. तरीही पाडला, तर पॅट्रियट या अमेरिकन हवाई संरक्षण यंत्रणेचं एक क्षेपणास्त्र चाळीस लाख डॉलरच्या घरात जातं. दिवसाला शंभर बॉम्ब येत असतील तर कोणत्याही देशाचा खजिना या हिशेबाला पुरणार नाही. युक्रेनने हे फार लवकर ओळखलं, आणि म्हणून त्यांची सगळी धडपड बॉम्ब सुटण्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे.

एक वाट विमानच पाडण्याची. डिसेंबर २०२३ मध्ये खेरसोनच्या बाजूला एकाच दिवशी तीन सुखोई-३४ पाडल्याचं युक्रेनी हवाई दलाने जाहीर केलं. पण त्यासाठी पॅट्रियट आघाडीच्या जवळ न्यावं लागतं. मार्च २०२४ मध्ये पोक्रोव्स्कजवळ अशीच पुढे नेलेली लाँचर वाहनं रशियन क्षेपणास्त्राने उडवली. दुसरी वाट विमानतळाची. ३ ऑगस्ट २०२४ ला युक्रेनी ड्रोननी रशियातल्या मोरोझोव्स्क तळावर हल्ला केला आणि तिथलं बॉम्बचं कोठार पेटलं. इथे मात्र शस्त्रं देणाऱ्या मित्रदेशांनीच हात बांधले होते. मे २०२४ च्या अखेरीस अमेरिकेने खारकिवसमोरच्या सीमापट्ट्यात मारा करायची मुभा दिली, लांबचे विमानतळ त्यातून वगळून. ज्या धावपट्टीवरून मरण उडत होतं ती माहीत होती, तिथवर पोचणारं क्षेपणास्त्रही हाताशी होतं, आणि परवानगी नव्हती! त्या उन्हाळ्यात आमच्या ऑफिसात हा विषय निघाला की माझी मैत्रीण उठून बाहेर जायची.

तिसरी वाट सिग्नल बिघडवण्याची. उपग्रहाचा संदेश जॅम केला की बॉम्ब भरकटतो. २०२५ मध्ये युक्रेनला यात चांगलं यश आलं. रशियाने अँटेनाचे घटक चारावरून आठ, मग आणखी वाढवले आणि शर्यत पुन्हा सुरू झाली. शिवाय भरकटलेला बॉम्बही कुठेतरी पडतोच.

मी घरी हे लिहिलं तेव्हा आतेभावाचं उत्तर आलं: युक्रेनची गोष्ट वेगळी, आपलं हवाई दल मोठं आहे. त्याचं म्हणणं खरं आहे. १० मे २०२५ ला आपण नूर खान, सरगोधा, भोलारी अशा हवाई तळांवरच घाव घातला, तेव्हा परवानगीसाठी कुणाच्या दाराशी उभं राहावं लागलं नाही. आपल्याकडे ‘गौरव’ हा हजार किलो वर्गातला ग्लाइड बॉम्ब आहे, आणि एप्रिल २०२५ च्या चाचणीत तो शंभर किलोमीटरच्या आसपास गेला. मला त्याचा अभिमान वाटतो. पण असे बॉम्ब फक्त आपल्याकडेच आहेत असं नाही. २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानी विमानांनी राजौरी-पुंछ भागात दुरूनच बॉम्ब सोडले होते. आणि नकाशा उघडून पाहा: खारकिव रशियाच्या सीमेपासून तीसेक किलोमीटरवर आहे, अमृतसर अटारीच्या सीमेपासून जवळजवळ तेवढंच. जम्मू त्याहून जवळ.

म्हणून मला खारकिवकडून घ्यायचा धडा क्षेपणास्त्रांच्या यादीत कमी आणि जमिनीखाली जास्त दिसतो. २५ मे २०२४ च्या शनिवारी दुपारी तिथल्या एपिसेंटर या मोठ्या दुकानावर ग्लाइड बॉम्ब पडले आणि १९ माणसं गेली. घरात लागणारं सामान घ्यायला आलेली माणसं. सप्टेंबर २०२५ मध्ये दोनेत्स्क भागातल्या यारोवा गावात पेन्शनसाठी रांगेत उभी असलेली वीसहून अधिक म्हातारी माणसं अशाच एका बॉम्बने मेली. सीमा इतकी जवळ की अनेकदा स्फोट आधी होतो आणि भोंगा नंतर वाजतो. मैत्रिणीच्या आईने सुरुवातीला दोन भिंतींचा नियम पाळला: बाहेर आणि आपल्यामध्ये दोन भिंती राहतील अशा जागी, म्हणजे पॅसेजमध्ये, बसायचं. तोफेच्या तुकड्यांपासून त्याने जीव वाचतो. ५०० किलोच्या बॉम्बपुढे सगळा मजलाच खाली येतो. शहराने मग मेट्रो स्थानकांत वर्ग भरवले आणि २०२४ मध्ये जमिनीखाली खास बांधलेली शाळा सुरू केली. मुलं तिथे गणित शिकतात, आणि मला वाटतं या युद्धातला सर्वांत खात्रीचा बचाव तोच आहे.

७ मे २०२५ च्या तोफमाऱ्यात पुंछ शहरात डझनाहून जास्त नागरिक गेले. तो ग्लाइड बॉम्ब नव्हता, साधा तोफगोळा होता. शहरात बंकर नव्हते, हे लोकांनी कॅमेऱ्यासमोर रडत सांगितलं. दोन दिवस बातमी चालली, मग वाहिन्या पुन्हा क्षेपणास्त्रांच्या ॲनिमेशनकडे वळल्या. सीमेवर साताऱ्या-सांगलीची मुलं उभी असतात, त्यांच्यामागे त्या गावांतली माणसं राहतात, आणि त्यांच्या डोक्यावरच्या स्लॅबची जाडी आपल्या एकाही वादात येत नाही, याचा मला मनापासून त्रास होतो.

पुण्यावर ग्लाइड बॉम्ब पडणार नाही, तेवढा त्याचा पल्ला नाही. पण हजार किलोमीटर उडणारे ड्रोन आज युक्रेनच्या पश्चिम टोकापर्यंत जातात, आणि कराची ते मुंबई अंतर त्याहून कमी आहे. मे २०२५ च्या मॉक ड्रिलच्या यादीत मुंबई, उरण, तारापूर, मनमाड, सिन्नर, भुसावळ ही नावं होती. भोंगे वाजले, दिवे गेले, फोटो निघाले. भोंगा ऐकल्यावर भुसावळच्या माणसाने नेमकं कुठे जायचं, हे त्याला कुणी सांगितलं का?

पोलंडवर बॉम्ब पडलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये रशियन ड्रोन हद्दीत शिरले, पण त्याच्या कितीतरी आधी, १ जानेवारी २०२५ पासून, इथे नागरी संरक्षणाचा नवा कायदा लागू झाला होता. राष्ट्रीय उत्पन्नाच्या किमान ०.३ टक्के रक्कम दरवर्षी याच कामावर खर्च करायची असं त्यात लिहिलेलं आहे. २०२६ पासून नव्या इमारतींची तळघरं आणि भूमिगत पार्किंग गरजेच्या वेळी आसरा म्हणून वापरता येतील अशीच आखावी लागतात. आपल्याकडे मुंबई-पुण्यात पुनर्विकासाच्या शेकडो फाइली दरवर्षी मंजूर होतात, आणि त्यातल्या बऱ्याच इमारतींना पार्किंगसाठी तळघर खोदलं जातंच. जाड स्लॅब, दुसरा बाहेर पडायचा रस्ता, पाण्याची टाकी, हवा खेळती राहायची सोय: बांधकाम नियमावलीत एवढ्या चार अटी घालायला २०३५ ची वाट पाहावी लागत नाही, आणि दिल्लीचीही नाही. विधानसभेत हा प्रश्न विचारायला एक आमदार पुरेसा आहे. काकांच्या ओळखीचे दोन आहेत. मी त्यांना फोन करायला सांगितलंय.